पडद्याकडे बघायचं की वादकांकडे? ॲनिमेच्या ऑर्केस्ट्रा मैफलीला जाण्याआधी

वर पडद्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, आणि खाली त्याचं संगीत प्रत्यक्ष वाजवणारा ऑर्केस्ट्रा, अशा मैफलीला पहिल्यांदा गेले तेव्हा मी दोन तास नुसता पडदा बघितला. सिनेमा आधी सात-आठ वेळा पाहिलेला, संवाद तोंडपाठ, तरी मान वर ती वरच. शेवटची नावं सरकून गेली, दिवे लागले आणि खाली ऐंशी-नव्वद माणसं आपापली वाद्यं सावरत उठून उभी राहिली, तेव्हा चरचरलं. ही सगळी मंडळी दोन तास माझ्यासमोर वाजवत होती आणि मी घरी दिसतं तेच बघत बसले होते.

त्यानंतर बऱ्याच मैफली झाल्या आणि आता माझा हिशेब सरळ आहे. सिनेमा घरी बघायचा, मैफलीत वादक बघायचे. खाली जी तयारी सांगितली आहे ती एवढ्याचसाठी, की ऐन वेळी नजर पडद्यावरून खाली उतरावी.

एका शब्दाचा घोळ आधीच मिटवू. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की जुनी सिनेगीतं म्हणणारे गायक, मागे कीबोर्ड-ऑक्टोपॅड आणि मधूनमधून विनोद पेरणारा निवेदक डोळ्यांपुढे येतो. इथे तो नाही. इथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे: साधारण साठ ते शंभर वादक, त्यांतले निम्म्याहून अधिक व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बेस वाजवणारे, मागे बासरी-क्लॅरिनेटवाले, त्यांच्या मागे पितळी वाद्यं आणि सगळ्यांत मागे टिंपनी (मोठे नगारे), झांजा वगैरे.

तिकीट नेमकं कशाचं आहे?

पोस्टरवर सगळीकडे तोच नायक, तोच तलवार उपसलेला पवित्रा. पण त्या एका चित्राखाली निरनिराळे कार्यक्रम विकले जातात, आणि काय विकत घेतोय हे न बघता तिकीट काढलं तर हिरमोड ठरलेला.

पहिला प्रकार अख्ख्या सिनेमाचा. ध्वनिपट्टीतून पार्श्वसंगीत तेवढं वगळलेलं असतं. संवाद, पावलांचे आवाज, पाऊस हे सगळं स्पीकरमधून येतं आणि संगीत समोरचे वादक वाजवतात, पडद्याशी क्षणाक्षणाला जुळवून. दुसरा प्रकार मालिकांचा. कित्येक भागांमधली निवडक दृश्यं कापून-जोडून दोनेक तासांचा पट तयार करतात आणि त्यावर ऑर्केस्ट्रा वाजतो. इथे संवाद बरेचदा थोडेच असतात, त्यामुळे संगीताला मोकळं रान मिळतं. मात्र मालिका न पाहिलेल्या माणसाला सोबत नेणार असाल तर पहिलाच प्रकार निवडा; दुसऱ्यात कोण का रडतंय याचा त्या बिचाऱ्याला पत्ता लागत नाही.

तिसऱ्या प्रकारात पडदाच नसतो. मंचावर फक्त वादक. याला कमअस्सल समजू नका, उलट जाणत्यांची ही जुनी वाट आहे. १९७७ साली ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या ॲनिमेच्या संगीतावरून संगीतकार हिरोशी मियागावा यांची सिम्फनिक सुइट, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी गुंफलेली तुकड्यांची माळ, तबकडीवर आली, ती चित्राशिवाय नुसती ऐकण्यासाठीच. संगीतकार जो हिसाइशी यांनी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या सिनेमांना दिलेल्या संगीताच्याही अशाच सुइट आहेत. २००८ मध्ये या जोडीच्या कामाला २५ वर्षं झाली म्हणून टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये मैफली झाल्या. ऑर्केस्ट्रा, गायकवृंद आणि बँड मिळून मंचावर हजाराहून जास्त कलाकार होते.

चौथा प्रकार लहान संचाचा: चार तंतुवाद्यं, नाहीतर एक पियानो आणि दोन-तीन साथीदार. हाही छान असतो, फक्त तो ‘ऑर्केस्ट्रा’ नव्हे. एकदा मी जाहिरातीतला ‘सिम्फनिक’ हा शब्द वाचून भुलले. मंचावर आले सहा जण, उरलेला ऑर्केस्ट्रा लॅपटॉपमधून. वाजवणारे गुणी होते, त्यांचा काही दोष नाही. पण ट्रॉम्बोन या पितळी वाद्याचा आवाज येतोय आणि ट्रॉम्बोन कुठेच नाही, हे शेवटपर्यंत खटकत राहिलं.

म्हणून तिकीट काढण्याआधी एवढं शोधा. ऑर्केस्ट्राचं नाव दिलंय का? कंडक्टरचं, म्हणजे समोर उभं राहून काठीने सगळ्यांना चालवणाऱ्याचं, नाव आहे का? वादक किती, गायकवृंद आहे का? दृश्यं दाखवणार आहेत का, आणि दाखवणार असतील तर पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात मालिकेच्या हक्कदारांची कॉपीराइटची ओळ आहे का? संगीत वाजवण्याची परवानगी वेगळी आणि चित्र दाखवण्याची वेगळी असते. नुसती पहिली असलेला कार्यक्रम बनावट ठरत नाही, पण तिथे पडद्यावर तुमचा लाडका प्रसंग येणार नाही. यातलं काहीच लिहिलेलं नसेल, फक्त ‘अविस्मरणीय अनुभव’ असेल, तर मी पुढे जाते.

लाडकं गाणं वाजेलच असं नाही

तक्रारींचा सगळ्यात मोठा झरा इथे आहे. मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी वाजणारी गाणी वेगळी आणि आतलं पार्श्वसंगीत वेगळं. या पार्श्वसंगीताला जपानीत ‘गेकिबान’ म्हणतात. दोन्हींचे कर्ते बरेचदा वेगळे असतात. ‘अटॅक ऑन टायटन’चंच घ्या. २०१३ च्या पहिल्या पर्वाचं पार्श्वसंगीत हिरोयुकी सावानो यांचं, पण ज्या शीर्षकगीतावर सगळे ओरडतात ते लिंक्ड होरायझन या संगीतसमूहाचं. ‘स्पिरिटेड अवे’चं (२००१) पार्श्वसंगीत हिसाइशींचं, पण शेवटचं गाणं संगीतबद्ध करून गायलं योमी किमुरांनी, हातातल्या लायर या छोट्या तंतुवाद्यावर. उलट ‘काऊबॉय बिबॉप’ (१९९८) मध्ये सुरुवातीचा तो पितळी वाद्यांचा धडाका आणि आतलं संगीत दोन्ही योको कान्नोंचं, आणि ‘युअर नेम’मध्ये (२०१६) गाणी आणि पार्श्वसंगीत दोन्ही रॅडविंप्स या एकाच बँडचं.

त्यामुळे जाहिरातीत संगीतकाराचं नाव असेल तर त्याने नेमकं काय केलंय ते पाहून घ्या. गायक पाहुणा म्हणून येणार असेल तर त्याचं नाव ठळक छापतातच. छापलेलं नसेल तर शीर्षकगीताची आशा बेताची ठेवा.

आणखी एक गोष्ट कळली की मैफलीतलं संगीत ‘बदललेलं’ का वाटतं तेही उमगतं. टीव्ही मालिकेचा संगीतकार बरेचदा प्रत्यक्ष चित्र तयार होण्याआधीच काम करतो. त्याला यादी मिळते: एक तणावाचा तुकडा, एक घरगुती, एक लढाईचा, एक मरणाचा. दोन-तीन मिनिटांचे असे कितीतरी तुकडे तो देतो आणि पुढे ध्वनिदिग्दर्शक कुठला तुकडा कुठे बसवायचा ते ठरवतो. एकच करुण सुरावट चाळीस ठिकाणी भेटते ती यामुळे. मैफलीसाठी हे तुकडे कुणीतरी नव्याने शिवतो, मध्ये सांधे घालतो, जिथे सिंथेसायझर होता तिथे हॉर्न आणतो. सिनेमाचं तसं नसतं, तिथे संगीत बहुधा चित्र बघून बेतलेलं असतं. म्हणून सिनेमाची मैफल ओळखीची वाटते आणि मालिकेची थोडी परकी. ते परकेपण मला आवडतं.

बसायचं कुठे

महाग ते चांगलं हा नियम इथे चालत नाही. पुढच्या तीन-चार रांगा तर मी फुकट मिळाल्या तरी घेणार नाही. तिथून पहिल्या ओळीतल्या व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात. त्यांच्यामागे कोण आहे ते दिसत नाही, पितळी वाद्यांचा आवाज डोक्यावरून जातो आणि पडदा बघायला मान मोडते.

पैसे मोजून घ्यावी अशी जागा म्हणजे पहिल्या बाल्कनीची पुढची रांग, मधोमध. सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा खाली पसरलेला असतो, पडदा डोळ्यांच्या रेषेत येतो आणि आवाज एकजीव होऊन वर येतो. बाल्कनीच्या पोटाखालच्या, खालच्या मजल्यावरच्या शेवटच्या रांगा मात्र टाळा. वरच्या छताने आवाज दबतो, पडद्याचा वरचा भागही कापला जातो.

ज्या मैफलीत पियानोला मोठं काम असतं तिथे मंचाकडे तोंड करून मध्यापासून थोडं डावीकडे बसा. पियानोवादक डाव्या अंगाला बसतो आणि झाकण प्रेक्षकांच्या बाजूला उघडतं, त्यामुळे बोटं डावीकडच्यांनाच दिसतात. हिसाइशींच्या संगीतात पियानो किती वेळा एकटा बोलतो हे ठाऊक असेल तर या सल्ल्याचं मोल कळेल.

जागेची निवड सभागृहावरही आहे. टोकियोचा संटोरी हॉल (१९८६) ध्वनीसाठीच बांधलेला. प्रेक्षक मंचाच्या चहूबाजूंनी गच्च्यांवर बसतात, दोन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत. अशा ठिकाणी मंचामागची, कंडक्टरच्या तोंडासमोरची जागा मिळाली आणि कार्यक्रम पडद्याशिवायचा असला तर ती बेलाशक घ्या: कंडक्टरचा चेहरा, टाळूला कोरड पडलेला ट्रम्पेटवाला, सगळं हाताच्या अंतरावर. पडदा असेल तर तीच जागा निरुपयोगी, कारण पडद्याची पाठ दिसते. बुडोकानची गोष्ट उलटी. ती वास्तू १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्यूदोसाठी बांधली. अशा मोठ्या बंदिस्त मैदानात माईक आणि स्पीकरशिवाय गत्यंतर नाही. तिथे ध्वनियंत्रकाचं टेबल कुठे मांडतात ते शोधा आणि त्याच्या जवळपास बसा. त्याला जे ऐकू येतं त्यावरूनच तो सगळ्यांचा आवाज बांधतो.

अख्ख्या सिनेमाच्या मैफलीत उत्तम सभागृहातही बहुतेक वेळा माईक असतातच. संवाद स्पीकरमधून येणार म्हटल्यावर ऑर्केस्ट्रा त्यांच्याशी तोलावा लागतो. ‘शुद्ध’ नैसर्गिक आवाजाचा हट्ट असेल तर पडद्याशिवायची मैफल निवडा.

थेट जपानमध्ये ऐकायचं असेल तर

तिथे लोकप्रिय कार्यक्रमांची तिकिटं बहुधा सोडतीने मिळतात. ठरावीक मुदतीत नाव नोंदवायचं आणि निकालाची वाट बघायची. पहिल्या मिनिटाला हात मारण्याची कला तिथे कामाची नाही. बऱ्याच तिकीट-संकेतस्थळांना जपानी फोन क्रमांक लागतो, म्हणून परदेशी प्रेक्षकांसाठी वेगळी विक्री आहे का ते आधी बघा, नाहीतर तिथल्या ओळखीच्या माणसाला नोंदणीच्या वेळीच सांगा. दुसऱ्याचं तिकीट चढ्या भावाने घेण्याच्या भानगडीत पडू नका. जून २०१९ पासून तिथे तिकिटांच्या बेकायदा पुनर्विक्रीविरुद्ध कायदा आहे, आणि दारात तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी ताडून बघू शकतात.

तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, एक दार उघडण्याची आणि एक सुरू होण्याची. दुसरी वेळ म्हणजे दुसरी वेळ. लहान मूल सोबत असेल तर वयाची अट वाचा. शाळेत न जाणाऱ्या मुलांना अशा सभागृहांत अनेकदा प्रवेश नसतो.

कान तयार करणं

तीन-चार आठवडे हातात असले की पुरे. संगीताचं शिक्षण लागत नाही.

सिनेमा किंवा मालिकेचे ओळखीचे पाचच तुकडे निवडा. प्रत्येक तुकडा तीन वेळा ऐका, चित्र न लावता. पहिल्यांदा फक्त मुख्य सुरावट. दुसऱ्यांदा सुरावट सोडून द्या आणि तळाशी काय चाललंय ते धरा: डबल बेस, चेलो, टिंपनी. तिसऱ्यांदा कोण कधी आत येतं आणि कधी गप्प होतं तेवढंच. या तिसऱ्या वेळी गंमत सुरू होते. जिथे तुम्हाला नेहमी रडू फुटतं तिथे व्हायोलिनं बहुतेक आधीच दोन मात्रा थांबलेली असतात, हे कळतं.

सरावाला ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ (२००४) घ्या. या सिनेमात तीन मात्रांचं एक वॉल्ट्झ पुन्हापुन्हा येतं. कधी पूर्ण ऑर्केस्ट्रात भिरभिरणारं, कधी एकट्या पियानोवर दबलेलं, कधी इतकं संथ की ओळखूच येऊ नये. एक-दोन-तीन मोजत बसा आणि ते कुठेकुठे लपलंय ते शोधा. हे एकदा जमलं की कुठल्याही मैफलीत ‘अरे, हीच ती’ म्हणत कान टवकारतात.

नेहमीच्या ऑर्केस्ट्रात नसलेल्या आवाजांवरही नजर ठेवा. ‘नारुतो’च्या संगीतात शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य) आणि शाकुहाची (बांबूची जपानी बासरी) आहेत. ‘अकिरा’ (१९८८) मध्ये गेइनोह यामाशिरोगुमी या चमूने बालीच्या गामेलान वाद्यवृंदापासून नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या पठणापर्यंत कायकाय आणलंय. ‘घोस्ट इन द शेल’साठी (१९९५) केन्जी कावाईंनी लोकगीतं गाणाऱ्या बायकांचे आवाज वापरले. संगीतकार युकी काजिउरांच्या गायकवृंदाचे शब्द तर बरेचदा कुठल्याच भाषेतले नसतात, त्या स्वतःच बनवतात, म्हणून अर्थ शोधायच्या फंदात पडू नका. मैफलीत हे वेगळे आवाज खरेखुरे असतील की रेकॉर्डिंगमधून, हा प्रश्न मनात ठेवून जा. मंचाच्या एका कडेला शाकुहाचीवाला बसलेला दिसला की त्या संध्याकाळचे अर्धे पैसे वसूल.

आणि शेवटचे तीन दिवस काहीही ऐकू नका. हे माझं वैयक्तिक खूळ आहे, पण भुकेल्या कानाने गेलेलं बरं.

त्या दिवशी

पोशाखाचा बाऊ नको. नीटनेटके, आरामशीर कपडे पुरतात. कॉस्प्ले, म्हणजे लाडक्या पात्राचा वेश, करून जाणारे असतात, पण आयोजकांचा नियम वाचा आणि मागे बसणाऱ्याचा विचार करा. दीड वीत उंच टोकदार विग प्रवेशद्वारात फोटोसाठी झकास, खुर्चीत बसल्यावर मागच्यासाठी भिंत. तलवारी, काठ्या दारातच ठेवून घेतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाज करणारं काही अंगावर नको. किणकिणणाऱ्या बांगड्या, सळसळणारं जाकीट, टरकन उघडणारा वेल्क्रोचा खिसा. घरात हे आवाज जाणवतही नाहीत. ओबो या फुंकवाद्याचा एकट्याचा सूर चालू असताना ते चाबकासारखे येतात.

फोन पूर्ण बंद करा. सायलेंटवर ठेवला तरी गजर वाजू शकतो, एवढं ध्यानात घ्या. हातातलं स्मार्ट घड्याळही विसरू नका. मनगट हललं की ते उजळतं, आणि अंधारात शंभर मनगटं लुकलुकतात. खोकला असेल तर गोळीचा कागद आधीच सोडून ठेवा.

पोस्टर, टी-शर्ट घ्यायचे असतील तर कार्यक्रमाच्या आधी घ्या. मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं आणि रांग दुप्पट. कार्यक्रमपत्रिका मिळत असेल तर ती सर्वांत आधी घ्या आणि जागेवर बसून तुकड्यांचा क्रम बघून ठेवा.

वेळेआधी अर्धा तास पोचणं ही इथे नुसती शिस्त नाही. साध्या मैफलीत उशीर झाला तर दोन तुकड्यांच्या मध्ये आत सोडतात. अख्ख्या सिनेमाच्या मैफलीत मध्ये फट नसतेच. चुकलात तर थेट मध्यंतरापर्यंत बाहेर, बंद दारातून येणारे ढोल ऐकत. मी हे एकदा भोगलंय, चाळीस मिनिटं.

दिवे मंदावल्यावर

लवकर बसलात तर वादक एकेक करून येताना दिसतील आणि प्रत्येक जण आपापलं काहीतरी वाजवत असेल. त्या गोंगाटातून आज वाजणारी एखादी ओळ ओळखू येते का बघा. मग पहिला व्हायोलिनवादक, म्हणजे कॉन्सर्टमास्टर, उभा राहतो, सगळे चिडीचूप होतात आणि ओबो एकच सूर धरतो. तंबोरा जुळवताना जी शांतता पसरते तीच ही. एकामागोमाग एक वाद्यं त्या सुरावर येऊन टेकतात.

आता मूळ मुद्दा. सिनेमाची मैफल असेल तर पहिली दहा मिनिटं खुशाल पडदा बघा, नाहीतर मन मानणार नाही. मग नजर उतरवा ती कंडक्टरपाशी. त्याच्यासमोर स्वरलिपीच्या वर एक लहान पडदा असतो. त्यावर तोच सिनेमा चालू असतो, पण एका कोपऱ्यात आकडे पळत असतात आणि मधूनच एक उभी रंगीत रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते. रेघ कडेला पोचली की पांढरा ठिपका लखकन चमकतो, आणि नेमक्या त्या क्षणी कंडक्टरची काठी खाली येते. वर मोठ्या पडद्यावर दार उघडतं, खाली पन्नास गज एकदम तारांवर पडतात. घरी हे नुसतं ‘भारी बॅकग्राउंड’ असतं. इथे ते होताना दिसतं, आणि चुकू शकतं हेही दिसतं. जीव मुठीत धरून बघण्यासारखा प्रकार आहे.

काही कार्यक्रमांत कंडक्टरच्या, कधी सगळ्या वादकांच्याही, कानात छोटा इअरफोन असतो. त्यात ठेका सांगणारी टिकटिक चालू असते. टिकटिक असेल तर लय घड्याळासारखी पक्की राहते, कंडक्टरला श्वास घ्यायलाही सवड नाही. ती नसेल तर तो रेघांच्या भरवशावर थोडं मागेपुढे करू शकतो. करुण प्रसंगात सुरावट किंचित रेंगाळली तर समजा, तो माणूस स्वतःच्या हिमतीवर चाललाय.

तिथून नजर मागे न्या, तालवाद्यांकडे. एखादा वादक कितीतरी वेळ हात मांडीवर ठेवून, मनात मात्रा मोजत बसलेला दिसेल. मग तो सावकाश उठतो. हे बघून ठेवा, कारण त्याच्या उठण्यावरून पुढच्या अर्ध्या मिनिटात काहीतरी मोठं होणार हे तुम्हाला आख्ख्या सभागृहाच्या आधी कळतं. तो दोन्ही झांजा उचलतो, छातीपाशी धरतो, एकदाच आपटतो, आणि आवाज हवेत सोडून पुन्हा खाली बसतो. ‘डेमन स्लेयर’च्या पहिल्या पर्वातल्या १९ व्या भागासारखा प्रसंग असेल, संगीतकार गो शीनांचं ते गाणं हळूहळू चढत जाणारं, तर सगळे पडद्यावरची आग बघत असताना तुम्ही मागच्या ओळीत कोण उठतंय ते बघा. गाणं कुठे फुटणार ते आधी तिथे दिसतं.

रडू आलं तर येऊ द्या. फक्त नाक मोठ्या आवाजाच्या जागी शिंकरा. पितळी वाद्यं त्यासाठी सोयीची आहेत.

टाळ्या कधी

यावर विनाकारण भांडणं होतात. सोपी खूण सांगते: कंडक्टरचे हात हवेत आहेत तोवर तुकडा संपलेला नाही, मग वाद्यं गप्प का होईनात. हात खाली आले, खांदे सैल पडले की वाजवा. हलक्या आवाजात विरून जाणाऱ्या शेवटानंतर तर दोन श्वास थांबाच. जपानी श्रोते या रेंगाळणाऱ्या शांततेला ‘योइन’ म्हणतात आणि तिच्यावर टाळी पडली तर मनातून खट्टू होतात.

सिनेमा चालू असताना लाडकं पात्र अवतरलं की शिट्टी मारावी का? अनेकदा कंडक्टर सुरुवातीलाच सांगून टाकतो, हसा, ओरडा, काही हरकत नाही. तसं सांगितलं असेल तर बेलाशक. नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा अंदाज घ्या. ऑर्केस्ट्रासोबत गिटार-ड्रमचा बँड असतो अशा कार्यक्रमांत लोक जागेवर उभे राहतात, तिथे अवघडून बसणं उलट विचित्र दिसेल. हातात धरून हलवायचे रंगीत पेनलाइट मात्र गायकांच्या ॲनिमे-गीत मैफलींची चीज आहे. ऑर्केस्ट्राच्या मैफलीत परवानगी दिल्याशिवाय ते पिशवीतच राहू द्या. सोबत गाण्याचंही तेच. माझ्या मागे एकदा एक जण संपूर्ण मध्यंतरापर्यंत गुणगुणत होता, आणि सुरात नव्हता.

सिनेमाच्या शेवटी नावं सरकू लागली की उठू नका. सिनेमागृहातली ही सवय इथे भलतीच महाग पडते. वादक अजून वाजवत असतात, आणि संगीतकाराने सगळ्या सुरावटी एकत्र गुंफलेल्या असतात त्या बहुधा इथेच. शिवाय आता पडद्यावर बघण्यासारखं काही नसतं, म्हणजे तुम्हाला ऑर्केस्ट्रा अडथळ्याविना मिळतो. पार्किंगमधून पाच मिनिटं आधी निघण्यासाठी हे सोडणारे लोक बघितले की मला हात धरून बसवावंसं वाटतं.

त्यानंतर कंडक्टर आत जातो, परत येतो, एकेका वादकाला उभं करतो. तुम्ही ज्याच्यावर लक्ष ठेवून होतात त्या झांजावाल्यावर वेळ आली की टाळ्यांचा जोर वाढवा. आपल्या नाटकातल्या ‘वन्स मोअर’सारखं हे ऐन वेळी मागून मिळत नाही. जादा तुकडा बहुधा आधीच ठरलेला असतो, त्याचे कागदही स्टँडवर तयार असतात. वादक कागद गोळा न करता बसून राहिले तर तुम्हीही बसून राहा. फोटोला परवानगी असलीच तर ती या शेवटच्या नमस्कारांच्या वेळी देतात, तशी घोषणा होते. तोवर कॅमेरा काढू नका.

सगळं संपलं की गर्दीबरोबर लगेच बाहेर पडू नका. लहान सभागृह असेल आणि कुणी अडवत नसेल तर उताराने खाली, मंचाच्या कडेपर्यंत जा. डबल बेसवाले आपली धुडं पेटाऱ्यात निजवत असतात, हार्पवाली खोळ चढवत असते आणि त्या खोळीची साखळी नेहमी मध्येच अडकते. पुढच्या रांगेतल्या एखाद्या स्टँडवर स्वरलिपी उघडी राहिलेली असते, पेन्सिलीने खुणा केलेली. गेल्या खेपेला एका पानावर एका मात्रेभोवती जाड वर्तुळ दिसलं, शेजारी डोळ्यांचं चित्र काढलेलं. कंडक्टरकडे बघ, अशी ती खूण. मी त्या मात्रेचा क्रमांक तिकिटाच्या मागे लिहून आणला, पण ती सिनेमात नेमकी कुठे येते ते अजून सापडलेलं नाही.